वाचकांचे प्रश्न : मिशनरी होऊन परमुलखात जाताना

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाची असल्याने ती एकत्र घेतली आहेत. पत्रे संक्षेपाने दिली असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे. एका धर्मसंघात त्याने प्रथम व्रते घेतली असून येत्या वर्षी त्याला जपानला पाठवायचे ठरले आहे. तेथे आधी दोन वर्षे भाषा, मग ईशज्ञानाचा अभ्यास आणि गुरुदीक्षेनंतर बहुधा आयुष्यभर तेथेच सेवा. तो स्वतः आनंदात आहे, आईची मात्र झोप उडाली आहे. आमच्या घरातून आजवर कोणीही परदेशी गेलेले नाही. तेथील लोक त्याला आपला म्हणतील का? भाषा, जेवण, थंडी, एकटेपणा हे त्याला झेपेल का? आणि आम्ही घरच्यांनी नेमके काय करावे? — एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही, कारण वसईचाच एक मुलगा साडेचारशे वर्षांपूर्वी याच वाटेने जपानला गेला होता. वसईतल्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते संत गोन्सालो गार्सिया किशोरवयातच जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला पोचले, तेथे धर्मशिक्षक म्हणून राबले आणि लोकांमध्ये राहून जपानी शिकले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा पूर्ण झाली नाही. पुढे त्यांनी व्यापार केला, मनिलाला जाऊन ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले, आणि १५९३ मध्ये फादर पेद्रो बाउतिस्ता हे फिलिपिन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे गेले तेव्हा त्यांचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून मारण्यात आले त्यांत ते होते, आणि १८६२ मध्ये त्या सव्वीस जणांना संतपद देण्यात आले.

त्यांच्या हौतात्म्याविषयी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आपल्या प्रश्नासाठी मला त्याआधीची वर्षे अधिक मोलाची वाटतात. वसईच्या एका मुलाला परकी भाषा इतकी अवगत व्हावी की देशाच्या सर्वसत्ताधीशासमोर दूतमंडळाने त्याच्या तोंडून बोलावे, हे प्रतिभेपेक्षा सहवासाचे फळ होते. जोआंव रॉड्रिग्ज नावाचा पोर्तुगीज मुलगाही त्याच दशकात असाच पोरवयात जपानला पोचला आणि पुढे हिदेयोशीच्या दरबारात दुभाषी झाला. जपानी भाषेचे त्याचे मोठे व्याकरण १६०४ पासून नागासाकीत छापले गेले. दोघेही शिकवायला जाण्याआधी शिकत वाढले. आपल्या भावाची पहिली काही वर्षे अशीच, केवळ विद्यार्थी म्हणून जाणार आहेत, आणि ती तशीच जायला हवीत, हे घरातल्या सर्वांनी आधी मनाशी पक्के करावे असे मला कळकळीने सांगायचे आहे.

याच मुद्द्यावर तेव्हाच्या मिशनऱ्यांमध्ये मोठा वाद झाला होता. १५७० नंतर सुमारे दहा वर्षे तेथील मिशनचे प्रमुख असलेले फादर फ्रान्सिस्को काब्राल यांचे मत असे होते की युरोपीय माणसाला जपानी भाषा कधी धड येणार नाही आणि जपान्यांच्या रीतींपुढे झुकण्याचे आपल्याला कारण नाही. १५७९ मध्ये पाहणीसाठी आलेले इटालियन फादर आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी हे धोरण पार फिरवले. नव्याने येणाऱ्याने आधी भाषा शिकावी यावर त्यांनी भर दिला आणि मिशनऱ्यांसाठी जपानी शिष्टाचाराचे एक सविस्तर मार्गदर्शक लिहून काढले. कोणाला कसा नमस्कार करावा, पाहुण्याचे स्वागत कसे करावे, प्रत्येक निवासात चहाची स्वतंत्र खोली कशी असावी, घर जपानी सुतारांकडून तिथल्या पद्धतीने कसे बांधून घ्यावे, आवारात डुकरे-बकऱ्या का पाळू नयेत, इतक्या बारीक गोष्टी त्यांनी नोंदवल्या. धर्माच्या कामात चहाच्या खोलीचे काय प्रयोजन, असे कोणाला वाटेल. परंतु पाहुण्याला चहा कसा द्यावा हे ज्याला कळत नाही त्याच्याकडे त्या समाजात कोणी मनातले बोलायला येत नाही, हे वालिन्यानो यांनी अचूक हेरले होते.

त्याच काळात लुईस फ्रोइस या धर्मगुरूंनी युरोपीय आणि जपानी रीतींची एक तुलना लिहिली. फ्रोइस गोव्यात राहून १५६३ मध्ये जपानला गेले होते आणि १५८५ साली ही टिपणे लिहिली तेव्हा त्यांची तेथे बावीस वर्षे झाली होती. आम्ही आदर दाखवायला टोपी काढतो, ते पादत्राणे काढतात. आम्ही हाताने जेवतो, ते लहानपणापासून दोन काड्यांनी जेवतात. आमच्या बायका दात पांढरे ठेवण्यासाठी झटतात, त्यांच्या बायका ते काळे करतात. आमच्या पुस्तकाचे शेवटचे पान ते त्यांच्या पुस्तकाचे पहिले. अशा शेकडो नोंदी त्यात आहेत. त्यांतल्या पुष्कळ नोंदींत निवाडा नाही, नुसते निरखणे आहे. आपल्या भावाने अशी एक वही ठेवावी असे मी सुचवीन. जे विचित्र वाटते ते त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि त्यावरचे मत मात्र सहा महिन्यांनी लिहावे.

आता रोजच्या जगण्याविषयी. जपानी घरात शिरताना दाराशी पादत्राणे काढून त्यांची टोके बाहेरच्या दिशेने करून ठेवतात, आत घालायच्या सपाता वेगळ्या, तातामीच्या चटईवर त्याही चालत नाहीत, आणि शौचालयाच्या सपाता त्याहून वेगळ्या. न्हाणीघरातल्या गरम पाण्याच्या टाकीत उतरण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचे असते, कारण तेच पाणी घरातले सगळे वापरतात. जेवताना काड्या भातात उभ्या खोचायच्या नाहीत आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही. या दोन्ही गोष्टी तेथे मर्तिकाशी निगडित आहेत, कारण मृतापुढे ठेवलेल्या भातात काड्या उभ्या खोचतात आणि दहनानंतर अस्थी काड्यांनी उचलतात. कचरा ठरलेल्या वारी, ठरलेल्या प्रकारानुसार वेगळा करूनच ठेवावा लागतो, आणि शेजाऱ्यांशी पहिला खटका बहुतेक परदेशीयांचा तिथेच उडतो. आगगाडीत मोबाइलवर बोलत नाहीत. हे नियम आठवडाभरात पाठ होतात. अवघड आहे ते न बोललेले ओळखणे. तेथे सहसा कोणी तोंडावर "नाही" म्हणत नाही. "जरा कठीण दिसते" असे सावकाश म्हणून माणूस थांबला की तो नकार समजायचा असतो. वसईच्या वाडीत जेथे कुंपणापलीकडून मोकळ्या आवाजात बोलणे चालते, तेथे वाढलेल्या मुलाला ही शांतता सुरुवातीला दुरावा वाटेल. बहुतेक वेळा तो दुरावा नसतो, समोरच्याला अडचणीत न टाकण्याची ती काळजी असते. हे त्याने जाण्यापूर्वीच ऐकून ठेवलेले बरे.

भाषेबाबत आपण मराठी माणसे सुदैवी आहोत. जपानी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि विभक्तीप्रत्ययांसारखे शब्द नामाच्या मागून लागतात, त्यामुळे वाक्याची घडण मराठी माणसाला इंग्रजी माणसापेक्षा लवकर साधते. बोलताना समोरच्याच्या वयाचा आणि मानाचा विचार करून क्रियापद बदलायचे हेही तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्याला नवे नाही, फक्त तिथे त्याच्या पायऱ्या अधिक आहेत. पुण्यात अनेक वर्षांपासून जपानी शिकवण्याची चांगली परंपरा असल्याने निघण्यापूर्वीचे सहा महिने तेथे काढता आले तर उत्तम. खरा डोंगर लिपीचा आहे. हिरागाना आणि काताकाना यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे महिन्याभरात येतात, पण रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली कांजी चिन्हे २१३६ आहेत. दोन वर्षे भाषाशाळेत घालवूनही प्रवचन लिहिताना हात अडखळणार. त्याने त्याची लाज बाळगू नये आणि आपणही फोनवर "आता येत असेल ना सगळे" असे विचारू नये.

जेवणाची चिंता आईने थोडी कमी करावी. भात आणि मासळी हेच तेथील मुख्य अन्न आहे, आणि सकाळच्या न्याहारीला भाजलेली सुकी मासळी खाणारा देश बोंबील-सुकटीवर वाढलेल्या मुलाला अगदीच परका वाटणार नाही. चव मात्र फिकी लागेल. घरचा दळलेला बॉटल मसाला बरोबर द्यावा. मांसाचे पदार्थ आणि ताजी फळे मात्र पिशवीत घालू नयेत, कारण त्यांवर तेथे कडक निर्बंध आहेत आणि इंद्यालाचा डबा विमानतळावरच जप्त होईल. थंडीचे कपडे येथून जड सूटकेस भरून नेण्यापेक्षा तेथे घेतलेले बरे. जपानी घरांत बहुधा संपूर्ण घर ऊबदार ठेवण्याची सोय नसते, एकेक खोली तापवतात, त्यामुळे घरात घालायचे लोकरीचे कपडे अधिक लागतात. भूकंपाच्या वेळी काय करायचे हे तेथे शाळकरी मुलांनाही शिकवतात, तेव्हा पहिल्याच आठवड्यात संघातील ज्येष्ठांकडून त्याने ते समजून घ्यावे. रुग्णवाहिकेसाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे क्रमांक आपणही लिहून ठेवा.

एकटेपणाविषयी मात्र मी हलके बोलणार नाही. परक्या संस्कृतीत माणसाला बसणाऱ्या धक्क्याचे टप्पे कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एका भाषणात मांडले, आणि स्वेरे लिसगार्ड या नॉर्वेजियन अभ्यासकाने १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांची पाहणी करून असे दाखवले की पहिल्या सहा महिन्यांत असलेले आणि दीड वर्ष उलटून गेलेले लोक बऱ्यापैकी रुळलेले असतात, मधल्या काळातले लोक सर्वांत बेचैन असतात. पुढच्या अभ्यासांत हा आलेख प्रत्येकाला लागू पडला नाही, हे खरे. तरीही जाण्यापूर्वी ही गोष्ट ठाऊक असणे उपयोगाचे आहे, कारण सहाव्या-आठव्या महिन्यात उत्साह ओसरला, प्रार्थनेत मन लागेना, तिथल्या लोकांविषयी उगाच राग येऊ लागला, तर आपल्याला देवाचे पाचारणच नव्हते की काय अशी शंका या मुलांना येते. त्या शंकेपोटी घाईने निर्णय घेतले जातात. तेव्हा थकलेल्या मनाचा तो नेहमीचा टप्पा आहे हे त्याला सांगणारे कोणीतरी हवे. मात्र झोप, भूक आणि कामातले लक्ष अनेक आठवडे हरवलेले दिसले तर धीर देऊन भागणार नाही. संघातील वरिष्ठांना सांगून डॉक्टरांकडे जाण्याचा आग्रह धरावा.

पहिला नाताळ सर्वांत जड जाईल. जपानमध्ये २५ डिसेंबरला सार्वजनिक सुट्टी नसते. शहरे दिव्यांनी सजतात, लोक तळलेले चिकन आणि स्ट्रॉबेरीचा केक घरी नेतात, आणि सकाळी सगळे कामावर जातात. जेथे गावजेवणासारखा नाताळ होतो, कंदील आणि गोठे पाहत रात्र सरते, तिथून गेलेल्या मुलाला त्या सकाळी आपण कुठे येऊन पडलो असे वाटेल. त्या दिवशी त्याला घरचा आवाज ऐकवा. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास आहे, म्हणजे आपल्याकडची मध्यरात्रीची मिस्सा सुरू होईल तेव्हा त्याच्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतील. तेव्हा आधल्या संध्याकाळीच फोन करा.

लोक त्याला आपला म्हणतील का, याचे प्रामाणिक उत्तर असे की फार काळ तो "परदेशातून आलेले" म्हणूनच ओळखला जाईल. वागणूक अत्यंत सौजन्याची मिळेल, पण घराचे दार सावकाश उघडेल. बारा कोटींहून अधिक लोकसंख्येच्या या देशात नोंदलेले कॅथलिक सुमारे चार लाख आहेत, आणि आज तेथील अनेक चर्चमध्ये फिलिपिन्स, व्हिएतनाम, ब्राझील येथून कामासाठी आलेली माणसे मोठ्या संख्येने असतात. परक्या देशात रात्रपाळी करणाऱ्या, भाषा न येणाऱ्या त्या कामगारांना आपल्या भावासारखा, स्वतः परका असलेला ब्रदर लवकर जवळचा वाटेल, आणि त्याची पहिली खरी सेवा कदाचित तिथेच घडेल.

घरच्यांनी काय करावे, तर रोज व्हिडिओ कॉल करू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, भरपूर बोलावे. रोज संध्याकाळी मनाने वसईत परतणारा मुलगा तेथील स्वयंपाकघरात, तेथील माणसांत बसायला शिकत नाही. घरातील आजार, अडचणी त्याच्यापासून लपवू नयेत; लपवलेले कळते तेव्हा अंतर दुप्पट होते. किती लोक चर्चला येतात, किती जणांना बाप्तिस्मा दिला, असे प्रश्न विचारूच नयेत. आज काय नवे शिकलास, कोणाच्या घरी जेवलास, हे विचारावे. आईंना सांगा, की त्याला तेथे जेवू घालणारी एखादी जपानी आजी लवकरच भेटो अशी प्रार्थना करा.

प्रश्न : आपल्याकडे इंग्लंड-अमेरिकेतून जे मिशनरी आले, तेही तरुणच होते. त्यांनी मराठी कशी शिकली आणि ते इथे कसे टिकले? — एक वाचक, पुणे

उत्तर : काही टिकले आणि बरेच टिकले नाहीत. अमेरिकन बोर्ड या तिकडच्या प्रोटेस्टंट मिशनरी संस्थेने १८१२ मध्ये भारताकडे पाठवलेल्या पहिल्या तुकडीतील हॅरिएट न्यूवेल हिला कलकत्त्यात कंपनी सरकारने राहू दिले नाही, आणि मॉरिशसमध्ये ३० नोव्हेंबर १८१२ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी ती वारली. तिचे पती सॅम्युएल न्यूवेल पुढे मुंबईत काम करत असताना १८२१ मध्ये कॉलऱ्याने गेले. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत पोचले, त्यांनाही हाकलण्याचे हुकूम निघाले, तरी ते राहिले, मराठी शिकले, शाळा काढल्या, आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावरून परतताना कॉलऱ्यानेच त्यांचा अंत झाला. या मंडळींच्या मतांशी आपण सहमत असू वा नसू, विशी-तिशीतल्या या माणसांना जे सोसावे लागले ते आधी पाहायला हवे.

शिकण्याच्या पद्धतीचे सर्वांत चांगले उदाहरण जॉन विल्सन यांचे आहे. स्कॉटलंडचे हे चोवीस वर्षांचे गृहस्थ पत्नी मार्गारेट यांच्यासह फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईत उतरले, आणि इंग्रजी बोलणाऱ्या मुंबईत न रमता कोकणात बाणकोट आणि हर्णै येथे जाऊन राहिले. तेथे मराठीवाचून गत्यंतर नव्हते. काही महिन्यांतच ते मराठीतून बोलू लागले आणि मगच मुंबईत परतून त्यांनी आपले काम उभे केले. मार्गारेट यांनीही मराठी आत्मसात करून मुंबईत मुलींच्या शाळा चालवल्या. १८३५ मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांना येथे येऊन जेमतेम सहा वर्षे झाली होती. सिंथिया फरार यांची कथा अधिक दीर्घ आहे. अविवाहित स्त्रीला अशा कामासाठी परदेशी पाठवण्याची रीत जवळजवळ नव्हती त्या काळात, १८२७ च्या अखेरीस त्या एकट्या मुंबईत आल्या, १८३९ पासून अहमदनगरला राहिल्या आणि १८६२ मध्ये तेथेच वारल्या. जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढण्यापूर्वी फरारबाईंची नगरची शाळा पाहिली होती. चौतीस वर्षे एका परक्या मुलखात मुलींना अक्षरे शिकवत राहणे ही साधी गोष्ट नव्हे, आणि या बाईंविषयी मराठीत आणखी लिहिले जायला हवे असे मला फार वाटते.

या सर्वांच्या आधीचे, आणि माझ्या मते सर्वांत वरचे, नाव फादर थॉमस स्टीफन्स यांचे. हे इंग्रज जेझुइट तिशीच्या उंबरठ्यावर लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्याला पोचले. वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या प्रवासाचे वर्णन केले आहे. हिरड्या आणि पाय सुजून खलाशी कसे हैराण होतात तेही त्यात येते. पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी गोव्यातल्या साष्टीत काढली. १५८३ मध्ये भावाला लिहिताना येथील भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी जुळणारी असल्याचे त्यांनी नोंदवले, आणि १६१६ मध्ये रायतूरला छापून निघालेले त्यांचे ख्रिस्तपुराण तर ओवीत आहे. आपल्या संतांच्या छंदात आपली कथा सांगायला शिकलेला हा माणूस किती वर्षे नुसता ऐकत बसला असेल, याचा अंदाज त्या ओव्यांच्या ओघावरून येतो.

प्रश्न : मी ख्रिस्ती नाही. दुसऱ्याच्या देशात जाऊन धर्म सांगणे म्हणजे त्यांची संस्कृती पुसणेच नव्हे का? अशा कामाला निघालेल्या तरुणाने तेथील संस्कृतीशी जुळवून घेतले असे म्हणण्याला काय अर्थ? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि तिला इतिहासात भक्कम आधार आहे. गोव्यात ख्रिस्तपुराण छापले गेल्यावर अडुसष्ट वर्षांनी, १६८४ मध्ये, पोर्तुगीज व्हाइसरॉयने लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे असा हुकूम काढला, आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे श्रद्धेची चौकशी करणाऱ्या धर्मन्यायालयाने, जाहीरनामा काढून गोव्यातील ख्रिस्ती लोकांच्या लग्नकार्यातल्या, पोशाखातल्या आणि घरातल्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. हे ख्रिस्ताच्या नावाने झाले आणि ते अन्यायाचे होते, असे मी ख्रिस्ती असून निःसंकोचपणे म्हणतो.

परंतु त्याच ख्रिस्तसभेत याच्या उलट सांगणारेही होते. रोममधील धर्मप्रसार मंडळाने १६५९ मध्ये पूर्वेकडे जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना दिलेल्या सूचनांत असे बजावले होते की धर्म आणि नीती यांच्या उघड विरुद्ध नसतील तर लोकांच्या चालीरीती बदलायला लावू नका, आणि फ्रान्स, स्पेन किंवा इटली उचलून चीनमध्ये नेण्याइतकी वेडगळ गोष्ट दुसरी नाही. मदुराईत १६०६ मध्ये आलेले रोबेर्तो दे नोबिली शाकाहारी होऊन संन्याशाच्या वेशात राहिले. त्यांच्या मार्गाला रोमने १६२३ मध्ये मान्यता दिली. पुढे चीनमधील पितरांच्या आणि कन्फ्यूशियसच्या सन्मानविधींवरून मोठा तंटा होऊन १७४२ मध्ये बंदीच कायम झाली, आणि ती उठायला १९३९ साल उजाडावे लागले. म्हणजे हा झगडा मिशनऱ्यांच्या घरातच शतकानुशतके चालू राहिला.

जपानचा अनुभव या बाबतीत सर्वांत बोलका आहे. १६१४ च्या हुकुमाने मिशनऱ्यांना देशाबाहेर काढण्यात आले, श्रद्धा बाळगणाऱ्यांचा छळ झाला, आणि सुमारे अडीचशे वर्षे तेथील ख्रिस्ती माणसे लपून राहिली. त्यांच्याजवळ धर्मगुरू नव्हते. प्रार्थना तोंडी सांगून पुढच्या पिढीला दिल्या जात, कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीत ते मरियेला पाहत. १७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे असे लपून राहिलेले काही गावकरी फ्रेंच मिशनरी फादर पेतिजाँ यांच्याजवळ आले आणि आमचे आणि आपले अंतःकरण एकच आहे असे त्यांनी सांगितले. परदेशी माणूस नसतानाही जे टिकले ते त्यांच्या घराच्या चालीत, त्यांच्या भाषेत, त्यांच्या मूर्तींच्या आडोशाने टिकले. म्हणूनच आजच्या तरुण मिशनऱ्याकडून माझी अपेक्षा अशी आहे की त्याने आपली श्रद्धा न लपवता जगावी, विचारले तर सांगावी, सक्ती आणि आमिष यांना जन्मात हात लावू नये, आणि त्या समाजाने त्याला जे शिकवायचे ते शिकवू द्यावे. एखाद्या जपानी कुटुंबाने ओबोनच्या दिवसांत पूर्वजांच्या स्मरणाला बोलावले तर त्याने जावे आणि आदराने बसावे.

प्रश्न : माझा मामेभाऊ सहा वर्षांनी पूर्व आफ्रिकेतून सुट्टीवर घरी आला आहे. तो गप्प असतो, गर्दीला कंटाळतो, येथील लग्नातला खर्च पाहून चिडतो. त्याला आमचा राग आला आहे का? — एक वाचक, अलिबाग

उत्तर : राग आलेला नसावा. परतलेल्या माणसाला घर पुन्हा नव्याने अंगवळणी पडावे लागते, हे जॉन आणि जीन गुलाहॉर्न या अमेरिकन दांपत्याने १९६३ मध्येच मांडले होते, आणि दूर राहून आलेल्या अनेकांना मनाचा हा उतार जातानाच्या उतारापेक्षा अधिक खडा वाटतो, कारण जाताना मनाची तयारी असते, येताना नसते. सहा वर्षांत तुमचे गाव बदलले, भाचे-पुतणे मोठे झाले, काही माणसे गेली. त्याच्या आठवणीतले घर मात्र निघाला त्या दिवशीचेच होते. शिवाय तेथे जी माणसे त्याची झाली त्यांना तो मागे ठेवून आला आहे, आणि त्यांच्याविषयी येथे कोणी विचारत नाही.

पहिले आठ-दहा दिवस भेटीगाठी, सत्कार, चर्चमधले भाषण यांपैकी काहीही ठरवू नका. त्याला झोपू द्या, समुद्रावर एकट्याला जाऊ द्या. मग एखाद्या दुपारी जेवण झाल्यावर त्याच्या फोनमधली छायाचित्रे दाखवायला सांगा आणि त्यातल्या प्रत्येक माणसाचे नाव विचारा. तो तास-दोन तास बोलेल. मध्ये कोणी उठू नये, आणि लग्नाच्या खर्चाविषयी तो जे म्हणतो त्यावर लगेच वाद घालू नये, कारण त्यात थोडे तथ्य असण्याचा संभव आहे.